मावशीच्या पाठीवरचं कालव

कालवं काढताना तोंड समुद्राकडे ठेवायचं, हे येसूबाईने नातीला ती सात वर्षांची असताना सांगितलं होतं. पाणी समोरून येतं, ते येताना दिसलं पाहिजे. त्या रविवारी सकाळी दोघींची तोंडं समुद्राकडेच होती, आणि पाणी मागून आलं.

पौषातली वद्य द्वितीया होती. उधाणाचे दिवस. येसूबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून बोटांवर हिशेब केला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला, आणि ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी, सव्वासातला. उन्नतीने मोबाइलवर पाहिलं, तर फरक दहा मिनिटांचाच.

"तुझ्या यंत्राला पण द्वितीया कळते काय गो?" येसूबाई म्हणाली होती.

उन्नतीने प्राणिशास्त्रात पदवी घेतली होती आणि बोईसरला एका प्रयोगशाळेत ती कारखान्यांच्या सांडपाण्याचे नमुने तपासायची. रविवारी सुट्टी. त्यांच्या गावच्या, खडकपाड्याच्या बायका कातळावर एकट्या जात नाहीत, जोडीनेच जातात. येसूबाईची नेहमीची जोडीदार जमुना गुडघा सुजल्यामुळे किनाऱ्याकडच्या काठावरच्या दगडांवरच थांबणार होती, म्हणून नातीला उठवलं गेलं.

तारापूरच्या दक्षिणेला किनारा इतका सपाट आहे की उधाणाच्या ओहोटीला समुद्र पाऊण किलोमीटर मागे सरतो. जिथे सहा तासांपूर्वी होड्या तरंगत होत्या, तिथे माणूस चालत जातो. चिखल, मग एक चर, आणि चराच्या पलीकडे काळा कातळ. कालवं त्या कातळावर. चर चाळीस पावलं रुंद, ओहोटीला घोट्याइतका. तो ओलांडून जायचं, सळीने शिंपले उचकटायचे, आतलं मांस डब्यात टाकायचं. कातळाच्या समुद्राकडच्या कडेला तीन दगड रांगेने आहेत, तिसरा सर्वांत बाहेरचा. तिसऱ्या दगडाला पाणी लागलं की सामान उचलायचं. त्यानंतर तासभर चर गुडघ्यापर्यंतच राहतो, निवांत परत येता येतं. हे येसूबाईला तिच्या सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने.

पूर्वी चराच्या दक्षिणेच्या तोंडाला रेतीचा एक लांब दांडा होता. दोन पावसाळ्यांपूर्वी तो वाहून गेला. का गेला ते कुणी नक्की सांगत नव्हतं. कुणी म्हणे खाडीतली रेती उपसली म्हणून, कुणी म्हणे बंधाऱ्याला दगड टाकले म्हणून, आणि दादू, म्हणजे उन्नतीचा बाप, म्हणे समुद्राची वस्तू समुद्राने नेली. होडीवाल्यांना तर बरंच झालं, बाहेर पडायला वळसा उरला नाही. दांडा गेला हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तो काय अडवून धरत होता, ते मात्र कुणी विचारलं नव्हतं.

धुकं दाट होतं. नऊ वाजले तरी सूर्य म्हणजे नुसता एक पांढरट डाग. पाच लिटरचा तेलाचा कॅन वरून कापून केलेला येसूबाईचा डबा अर्धा भरला होता, आणि झाकणाचा दुसरा कॅन पिण्याच्या पाण्याचा होता, तो जवळजवळ रिकामा झाला होता. उन्नतीच्या बोटांना शिंपल्यांनी चार ठिकाणी कापलं होतं.

"आजी, पाणी वाजतंय."

"समोर बघ. तिसरा दगड सुका हाय."

उन्नतीने पाहिलं. तिसरा दगड खरंच सुका होता. तरी आवाज येत होता, बारीक, भांड्यात पाणी ओतल्यासारखा, आणि तो समोरून येत नव्हता. ती मागे वळली. धुक्यात दहा-बारा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. ती तेवढी चालली आणि तिथे चराच्या काठचा चिखल असायला हवा होता, तर पाणी होतं. करडं, वाहतं, काठाशी फेसाची रेघ. त्यातून एक नारळाची करवंटी दक्षिणेकडून उत्तरेकडे भरभर गेली.

ती आत उतरली. तिसऱ्या पावलाला कमरेपर्यंत पाणी आलं आणि पायाखालची रेती सरकली. ती परत फिरली तेव्हा येसूबाई काठावर उभी होती, हातात डबा, खांद्यावर पोतं.

"असं कसं झालं?" येसूबाई म्हणाली. ती हा प्रश्न उन्नतीला विचारत नव्हती.

"दांडा नाही ना आता, आजी. पाणी सरळ चरात शिरतंय. कातळाला लागायच्या आधी."

येसूबाईने क्षणभर पाण्याकडे पाहिलं. अडुसष्ट वर्षांची, काटक, पोहता येणारी बाई. पण ओढ बघून तिने मान हलवली. "आता नाय जायचं. मावशीवर चल."

मावशी म्हणजे कातळाच्या आतल्या कडेला, चराला लागून उभा असलेला दोन पुरुष उंचीचा खडक. माथ्यावर दोन खाटा मावतील एवढी जागा. फार पूर्वी कुणी एक बाई भरतीत अडकली आणि त्या खडकावर बसून राहिली. पाणी तिच्या पायाशी येऊन परत गेलं, म्हणून ती मावशी. नारळी पौर्णिमेला बायका तिच्या पायथ्याशी हळदकुंकू ठेवतात. तिच्या अंगाला कुणी लोखंड लावत नाही. कालवं काढायची सळी मावशीजवळून जाताना बायका पदराखाली झाकतात. आणि प्रत्येक नव्या सुनेला एकच गोष्ट सांगितली जाते: अडकलीस तर घाबरू नको, मावशीवर बस.

"मी तीनदा बसलेय," चढताना येसूबाई सांगत होती, धापा टाकत, पण आवाजात धीर होता. "एकदा तर तुझा बा पोटात होता, आठवा म्हयना. भाकर खाल्ली, झोप काढली, पाणी उतरलं, घरी गेले. सासू म्हणाली, येवढा उशीर?"

माथ्यावर पोचल्यावर उन्नतीने प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला. तिचा भाऊ अनुज बोईसरला कामावर होता. त्याने ऐकलं आणि होडीवाल्या मेहुलला जोडून दिलं.

"होडी गाळात बसलीय," मेहुल म्हणाला. "अकराच्या आधी तिच्या बुडाला पाणी नाय लागत. बाकी सगळ्या रात्रीच बाहेर गेल्यात. आजी हाय ना सोबत? मावशीवर बसा ना मग! मी दुपारी येतो न्यायला. येताना भजी आणू काय?"

"धुकं आहे, मेहुलदादा."

"निघेल ते. मावशी कुठं पळून जात नाय."

फोन ठेवला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. उन्नतीने खाली पाहिलं. तिसरा दगड आता बुडाला होता, दुसराही. खडकाच्या भेगांतून समुद्री किड्यांची रांग वर धावत होती, झुरळांसारखे चपटे, शेकड्यांनी. ते पाण्याच्या पुढे पळतात. पण ते अर्ध्यावर थांबत नव्हते. तिच्या पायांवरून, येसूबाईच्या पदरावरून ते थेट माथ्यावर येत होते, आणि माथ्यावर आल्यावर गोल गोल फिरत होते.

ती उकिडवी बसून खडक बघू लागली. भीती वाटली की ती असंच करायची, जे समोर असेल ते नीट बघायची. समुद्रकाठचा कुठलाही खडक उंचीप्रमाणे वाटून घेतलेला असतो. तळाला शेवाळ, त्याच्या वर कालवं, त्याच्या वर होडीच्या बुडाला चिकटतात ते पांढरे खरखरीत बार्नॅकल, आणि सर्वांत वर मुगाच्या दाण्याएवढ्या काळ्या गोगलगायी, ज्यांना नुसते तुषार पुरतात. कुणी भिंती बांधलेल्या नसतात. जो जितका वेळ पाण्याबाहेर जगू शकतो, तो तितका वर. खडकावर पाणी कुठवर येतं ते वाचायचं असेल तर घड्याळ लागत नाही.

तिने माथ्यावर काळ्या गोगलगायी शोधल्या. मिळाल्या त्या रिकाम्या, मेलेल्या. आणि समुद्राकडच्या बाजूला, माथ्याच्या कडेपासून जेमतेम वीतभर खाली, तिच्या तळव्याला खरखरीत लागलं. बार्नॅकल. जिवंत, तोंडं मिटलेली. एका भेगेत, माथ्याच्याच पातळीवर, बार्नॅकलच्या गर्दीत एक रुपयाहून थोडं मोठं कालव चिकटलेलं होतं.

तिने त्याच्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"आजी, इकडे ये."

"बस ग गप. हलू नको."

"आजी, मावशीवर कालव आहे."

"चळ लागला काय तुला? मावशीवर कालव नसतं."

"हात लाव."

येसूबाई सरकत आली. तिने हात लावला, आणि हात तिथेच राहिला. पन्नास वर्षं ती बोटं या एका गोष्टीवर चालत आली होती.

"मेलेलं असंल," ती म्हणाली. "उसळीच्या पाण्यानं आलेलं."

"मेलेलं असलं तर बसू आपण इथेच. जिवंत असलं तर?"

खाली पहिला दगड बुडाला. पाण्याचा आवाज आता दोन्ही बाजूंनी येत होता.

"किती वेळ पाण्यात राहतं ते तुलाच कळेल, आजी. मला नाही कळणार. मी पुस्तकात वाचलंय, तू खाल्लंयस. फोडून बघ."

"मावशीला सळी लावू?"

"हो."

"माझ्या सासूनं नाय लावली. तिच्या सासूनं नाय. मी लावू?" येसूबाईने सळी पदराखाली आणखी आत सरकवली. "तू शहरात काम करतेस बाय, तुला काय. उद्या दादू बाहेर जायचाय समुद्रात."

"आजी, आत्ता सव्वानऊ झालेत. पहिल्या दोन तासांत जेवढं पाणी चढलं ना, तेवढंच आता पुढच्या एका तासात चढणार. चर अजून छातीपर्यंत असेल. दहा मिनिटांनी नसेल. मग आपल्याला मावशी सोडून काहीच नाही. आणि मावशीवर जर पाणी येत असेल..."

येसूबाईने पदराखालून सळी काढली. ती कपाळाला लावली. मग डोळे न मिटता, सराईतपणे, तिने टोक शिंपल्याच्या सांध्यात घातलं आणि मनगट फिरवलं. टक् असा आवाज झाला. वरचा शिंपला निघाला.

आत मांस होतं. पांढरं, फुगलेलं, काठोकाठ. त्यातून पाणी ओघळलं.

येसूबाईने करंगळीने मांस दाबून पाहिलं.

"भरलेलं हाय," ती म्हणाली. "तुषारावर भरत नाय असं. रोज पाणी मिळतंय ह्याला. लाटेचं मिळत असंल, पण मिळतंय." तिने अंगठ्याने शिंपल्याच्या कडा चाचपल्या. "दोन पावसाळ्यांचं."

दोघींनी एकाच वेळी दक्षिणेकडे पाहिलं. तिथे धुकं होतं, आणि दांडा नव्हता. दांडा होता तोवर मोठी लाट तिथेच फुटायची. आता ती थेट मावशीपर्यंत येत होती. शिंपल्यांना ते दोन वर्षांपासून माहीत होतं. बायका मावशीवर कधी चढतच नव्हत्या, अडकल्याशिवाय, आणि दोन वर्षांत कुणी अडकलं नव्हतं, स्वच्छ हवेत चर भरायला लागलेला कुणाला तरी दिसायचाच.

"उठ," येसूबाई म्हणाली. तिने उघडलेला शिंपला मुठीत धरला.

खाली उतरताना पाणी मांडीला लागलं. येसूबाईने डबा उपडा केला. सकाळभराची कालवं पाण्यात पसरली आणि ओढीने निघून गेली. कापलेला डबा तिने टाकला, पिण्याच्या पाण्याचा कॅन ओतून घट्ट झाकण लावलं. पोत्याची सुतळी त्याच्या कडीत अडकवली.

"एक हात ह्यात. सोडायचा नाय. समोर नाय जायचं, इथून दक्षिणेला चालायचं आधी, मग उतरायचं. पाणी आपल्याला उत्तरेला नेईल. नेऊ दे. भांडायचं नाय त्याच्याशी. आणि पलीकडं गाळ लागला की उभी नाय राहायचं, पडायचं. पोटावर."

"पोटावर?"

"उभी राहिलीस की रुतलीस. म्हशीसारखी लोळ, समजलं? लाज नाय धरायची, बघायला कोण नाय."

त्या कातळाच्या कडेने वीस-पंचवीस पावलं दक्षिणेला गेल्या आणि चरात उतरल्या. पाणी थंड होतं. पाचव्या पावलाला छाती, आठव्या पावलाला पाय सुटले. उन्नतीने कॅन कवटाळला. ओढ तिला वाटली होती त्याच्या दुप्पट होती. धुक्यात काठ नव्हता, ना पुढचा ना मागचा, फक्त करडं पाणी आणि आजीचं डोकं. एक उसळी आली. नाकातोंडात खारट पाणी गेलं. तिला खोकला आला, पकड सैल झाली, आणि त्याच क्षणी येसूबाईचा हात तिच्या वेणीला बसला आणि तिला कॅनवर ओढून घेतलं.

"पाय मार! पाय मार, मेल्ये!"

तिने पाय मारले. किती वेळ, ते तिला नंतर सांगता आलं नाही, आणि ती वेळ मोजणारी मुलगी होती. मग कुठून तरी हाक आली. "येसू! ए येसू!" जमुना होती. काठावरच्या दगडांवर उभी राहून ती डब्यावर डबा आपटत होती, धुक्यात दिशा कळावी म्हणून. त्या आवाजाकडे त्या वळल्या. उन्नतीच्या गुडघ्याला मऊ काही लागलं. तिने उभं राहायचा प्रयत्न केला आणि एक पाय मांडीपर्यंत आत गेला. पाणी मागून मानेला लागलं.

"पड!" येसूबाई ओरडली.

ती पडली. पोटावर. पाय सुटला. कोपरांनी गाळ ओढत, तोंडात चिखल, मागून पाणी पायाला चाटत, त्या दोघी वर सरकल्या. काठापर्यंतचे तीस हात तिला सगळ्यांत लांब वाटले, कारण पाणीही त्याच वेगाने सरकत होतं.

जमुनाने दोघींना दगडांवर ओढलं. "मावशीवर का नाय बसलात? जीव द्यायचा होता काय म्हातारपणी? पोरीला पण घेऊन?"

येसूबाईने मूठ उघडली. शिंपल्याच्या कडेने तळवा कापला होता, रक्त आणि चिखल एक झाला होता.

"हे कुठलं?" जमुनाने विचारलं.

"मावशीवरचं."

जमुनाचा हात तोंडावर गेला. "मावशीला सळी लावलीस?"

अकरा वाजेपर्यंत गावातल्या सात-आठ बायका बंधाऱ्यावर जमल्या. येसूबाई ओल्या लुगड्यातच बसून होती, घरी चल म्हटलं तर हलत नव्हती. शिंपला हातोहात फिरला. प्रत्येकीने कडेवरून अंगठा फिरवला आणि प्रत्येकीने तेच सांगितलं, दोन पावसाळ्यांचं. तरी एक-दोघी म्हणत होत्या की मावशी बाईला टाकणार नाही, येसूबाईने उगाच घाई केली.

साडेबाराला धुकं उडालं. मावशी दिसली. माथ्यासकट हातभर खडक पाण्याबाहेर होता. कुणीतरी म्हणालं, "बघ, हाय की सुकी." आणि मग दक्षिणेकडून एक लांब, बिनफेसाची उसळी आली, काही घाई नसल्यासारखी. ती मावशीला पोचली आणि मावशी दिसेनाशी झाली. पांढरं पाणी माथ्यावरून पलीकडे कोसळलं. खडक परत वर आला. मग दुसरी उसळी आली.

भरतीला अजून एक तास होता.

जमुना म्हणाली, "मग आता अडकलं तर कुठं बसायचं?"

उन्नतीच्या पंधरा वर्षांच्या शिक्षणात हे कुठेच नव्हतं.

"उद्या कोणकोण जातंय?" येसूबाईने विचारलं.

सगळ्या जाणार होत्या. उधाणाचे चारच दिवस तो कातळ उघडा पडतो.

"मग एक बाई तोंड इकडं करून बसंल," येसूबाई म्हणाली. "चराकडं. समुद्राला पाठ. तिनं कालवं नाय काढायची, नुसतं बघायचं. चर गुडघ्याला आला की ओरडायचं. बाकीच्यांनी मूठ-मूठ तिच्या डब्यात घालायची."

"गुडघा दुखतोय तर मी बसते," जमुना म्हणाली. "पण माझ्याच्यानं होईल काय, समुद्राला पाठ करून?"

दुसऱ्या दिवशी तृतीया. ओहोटी आठला. उन्नतीची बस साडेआठची होती. ती बंधाऱ्यावरून गेली तेव्हा हवा स्वच्छ होती आणि दूर कातळावर बायका वाकलेल्या दिसत होत्या. चराच्या पलीकडच्या काठाला जमुना बसली होती, उपड्या डब्यावर, तोंड गावाकडे. समुद्राकडे पाठ करून बसलेली बाई उन्नतीने जन्मात पाहिली नव्हती. जमुना दर थोड्या वेळाने मान मागे वळवायची आणि पुन्हा जबरदस्तीने पुढे आणायची.

प्रयोगशाळेत उन्नतीने पहिला नमुना ढवळायला घेतला आणि तो तसाच ठेवला. पावणेदहाला चर भरणार, असा तिचा अंदाज होता. पावणेदहा झाले. दहा वाजायला दहा कमी. तिने रबरी मोजे काढले आणि फोन समोर ठेवला.

फोन वाजला तेव्हा दहाला पाच कमी होते.

"आठ गेलेलो," येसूबाई म्हणाली. मागे वाऱ्याचा आवाज होता. "जमुना धरून आठ. आठ आलो."

उन्नती खुर्चीवर बसली. "कधी ओरडली जमुनामावशी?"

"साडेनऊला. तू म्हणालेलीस त्याच्या आधी."

"आणि तो खडक, आपली मावशी? तिला पाणी कुठवर..."

"मागं वळून बघितलं नाय," येसूबाई म्हणाली आणि फोन ठेवला.